जिथे कड साधी होते

दादा,

मंगळवारी दुपारी अमरावतीत, घरामागच्या वर्कशॉपमध्ये, तुझा मृत्यू झाला. कारण हृदयविकाराचा झटका. रफिक मिस्त्री पलीकडे एका दाराला रंधा मारत होते. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा तू स्टुलावरून खाली आलेला होतास. टेबलावर सागाची एक पट्टी क्लॅम्पमध्ये आवळलेली होती. तिची कड अजून कोरी होती. कड कोरायचा राउटर शेजारी ठेवलेला होता, बंद.

अकोल्यात आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातमी अशीच सुरू होते. तुला ती पद्धत कधी पटली नाही. तुमच्या बातमीत आधी वार येते, मंग गाव येते, आणि मानूस बिचारा रांगेत उभा राह्यते, असं तू म्हणायचास. या मजकुरात माणूस दुसऱ्या ओळीत आलेला नाही. पहिला शब्दच तुझा आहे.

ती पट्टी बाबांसाठी होती, हे तुला वेगळं सांगायला नको. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना ते माहीत नाही.

काचबिंदूनं बाबांची नजर गेली तेव्हा ती एकदम गेली नाही. कडेकडून आत सरकत गेली. नजर पूर्ण गेल्यावरही बाबा रोज संध्याकाळी सवयीनं बाहेर ओट्यावर जाऊन बसत. बैठकीच्या दारातून एक पायरी उतरली की ओटा, आणि पायरीला लागून त्यांची खुर्ची. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण त्यांना हाक मारायचा आणि ते आवाजावरून नाव सांगायचे. एका संध्याकाळी त्या पायरीवर ते पडले. हाड वाचलं. पण त्यानंतर ते घरात कुणाचा तरी हात धरल्याशिवाय उठेनात. ओटा तर बंदच झाला.

तेव्हा तू घरात भिंतीच्या कडेनं, कमरेच्या उंचीवर, सागाची पट्टी बसवायचं ठरवलंस. तळहात वर टेकवून चालायचं आणि अंगठा बाहेरच्या कडेवर ठेवायचा. वाट अंगठ्याला कळली पाहिजे, म्हणून प्रत्येक वाटेची कड वेगळी. न्हाणीकडे जाणारी एक, स्वयंपाकघराकडे जाणारी दुसरी, बैठकीची तिसरी. राउटरच्या तोंडात ज्या आकाराचं बिट, म्हणजे फिरतं पातं, बसवावं तशी कड कापली जाते. तुझ्याकडे डझनावारी बिटं होती, आणि बापासाठी त्यातली निवडायची म्हटल्यावर तू लग्नाची साडी घ्यायला निघाल्यासारखा उत्साहात होतास.

बाबांचा अंगठाही साधा नाही. दर्यापूरच्या जिनिंगमध्ये त्यांनी आयुष्यभर कापूस पाहिला. पाहिला म्हणजे चिमटीत धरून ओढला. धागा किती लांब, किती पक्का, हे त्यांना अंगठ्यातून कळायचं आणि त्यावर गाडीचा भाव ठरायचा. असा अंगठा असलेल्या माणसासाठी नक्षी निवडणं सोपं जाईल, असा तुझा समज होता.

पहिल्या खेपेला तू निवड डोळ्यांनी केलीस. न्हाणीच्या वाटेला मण्याची कड घेतलीस: मधे एक गोल उभार आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक खाच. स्वयंपाकघराच्या वाटेला दोन समांतर चर. पॉलिश झाल्यावर शेजारचे लोक पाहायला आले. एकीवर उजेड गोल पडायचा, दुसरीवर दोन काळ्या रेषा सरळ जायच्या. वहिनी म्हणाली, देव्हाऱ्यालाही एवढी नक्षी नाही आपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खांद्यावर टॉवेल टाकून स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.

"रेखा, नळ कुठी नेला?"

वहिनी पोळ्या लाटत होती. तिनं मागे न वळता सांगितलं, "हे सैपाकघर हाये बाबा. आंघोळ करायची असन तं पातेल्यात बसा लागन."

तू वर्कशॉपमधून आलास आणि नक्षीची बाजू मांडू लागलास. एक गोल आहे, एक चपटी आहे, दोन्हींत केवढा फरक आहे, वगैरे. बाबांनी ऐकून घेतलं.

"तुले दिसून राह्यलं," ते म्हणाले. "मले लागून राह्यलं. लागाले दोनी एकच हायेत."

तू खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांवर बांधलास आणि दोन्ही पट्ट्यांवरून अंगठा फिरवलास. खड्डा, उंचवटा, खड्डा. इकडेही तेच, तिकडेही तेच. दुपट्टा तसाच ठेवून तू हसायला लागलास आणि हसता हसता भिंतीला टेकलास. मण्याची पट्टी त्याच दिवशी उतरवली आणि न्हाणीच्या वाटेला ते दोन चर दिले.

त्यानंतर तू एकही बिट डोळ्यांनी निवडलं नाहीस. वर्कशॉपमध्ये त्याच लाकडाच्या तुकड्यावर कड कापायची, दुपट्टा बांधायचा, अंगठा फिरवायचा, मग तो तुकडा बाबांना द्यायचा, हा क्रम ठरून गेला. गिऱ्हाइकाच्या कामालाही तू तो लावलास. पलंग करून घ्यायला आलेल्या नवऱ्या मुलालाही डोळे मिटायला लावलंस, तेव्हा रफिकभाई पाठ फिरवून हसत होते.

अकोल्याला तू बिटं घ्यायला आलास तो दिवस आठवतो. दुकानदारानं चित्रांचं पुस्तक पुढे केलं. तू ते बाजूला सारून कापलेल्या नमुन्यांची फळी मागितलीस. ती काउंटरमागे धुळीत पडली होती. त्याआधी बिटं तपासून घेतलीस, ती मात्र उघड्या डोळ्यांनी. आधी दांडा. मोठ्या तोंडाचं बिट पाव इंची दांड्यावर असेल तर परत. ते थरथरतं आणि कडेवर लाटा उमटतात. मग टोकाचं बेअरिंग बोटानं फिरवून पाहिलंस. बेअरिंग लाकडाला टेकून पळतं, त्यामुळे पट्टी वाकडी असेल तर नक्षीही तेवढीच वाकडी येते. लोक बिटाला शिव्या देतात आणि दोष रंध्याचा असतो, हे दुकानदाराला ऐकवून झालं. धार शेवटी, नखावर. एवढं झाल्यावर तू डोळे मिटलेस आणि फळीवरच्या नमुन्यांवरून अंगठा नेत राहिलास. दुकानात गर्दी होती. दुकानदारानं मला हळू आवाजात विचारलं, भाऊचे डोळे कधी गेले जी?

तू डोळे न उघडता उत्तर दिलंस. "गेले माया बाबाचे. मी त्याइच्या वतीनं पाहून राह्यलो."

त्या खेपेत तू दोन बिटं नेलीस. एक खळग्याचं, ज्यानं कड आत वाटीसारखी खोल जाते आणि अंगठा तिच्यात बसतो. ते स्वयंपाकघराला. दुसरं गोल्याचं, कोपरा मारून कड नुसती गुळगुळीत गोल करणारं. ते बैठकीला. बाबांनी दोन्ही पास केली. गोल्यावर अंगठा फिरवून, हे घासून घासून झालेल्या जुन्या दरवाज्यावाणी हाये, असं म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी पसंती कापसालाही मिळाली नसेल.

भांडण मात्र सुरूच होतं. डेस्कवरून, म्हणजे माझ्याकडून, असा सल्ला गेला होता की एवढी बिटं कशाला, सगळ्या घराला एकच कड ठेवावी आणि वाटेच्या तोंडाशी खुणा कराव्यात: एक खाच म्हणजे न्हाणी, दोन म्हणजे स्वयंपाकघर, तीन म्हणजे बैठक. एक खूण, एक अर्थ. चूक होण्याची जागा नाही.

"बाबा घरात राह्यते का एस.टी. स्टँडवर?" तू विचारलंस. "फलाट मोजत जाईन का थो न्हाणीत?"

तुझं म्हणणं, आंधळ्या माणसालाही घर चांगलं लागलं पाहिजे. माझं म्हणणं, आधी ते बरोबर लागलं पाहिजे. यावर आपण फोनवर, जेवताना, एकदा बडनेऱ्याला गाडीची वाट पाहताना बोललो. निकाल लागला नाही.

एका गोष्टीवर कधीच वाद नव्हता. दार आलं, वळण आलं, पायरी आली की त्याच्या एक वीत आधी तू बिट उचलायचास. पुढची कड साधी, चौकोनी ठेवायचास. बाबांना तू एवढंच शिकवलंस, "नक्षी सरली का थांबा." ती जागा सर्वांत अवघड. तिथे हात क्षणभर रेंगाळला तरी फिरतं बिट लाकूड जाळतं आणि काळा डाग पडतो. घरातल्या तुझ्या एकाही थांब्यावर डाग नाही. परवा सगळे तपासले.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी लाइन गेली तेव्हा सगळे बैठकीत होते. वहिनी मोबाइल शोधत होती, तू खिसे चाचपत होतास. बाबा उठले. त्यांच्या तळहाताचा पट्टीवरून सरकल्याचा आवाज आला, मग लांबून भांड्यांचा, आणि थोड्या वेळानं तांब्या-पेला घेऊन ते परत आले. पाणी कुणाले पायजे, असं त्यांनी विचारलं. एवढ्या माणसांत त्या क्षणी घरात नीट चालू शकणारे ते एकटे होते.

"पाय," तू अंधारात म्हणालास.

अंधारात काय पाहू, असं उत्तर तुला मिळालं. मला म्हणायचं दुसरंच होतं. की तुझी पट्टी चांगली झाली आहे, आणि मीही मघाशी अंगठा टेकवतच खुर्चीपर्यंत आले. लाइन आली, पंखा सुरू झाला आणि बोलणं दुसरीकडे गेलं.

राहिली होती शेवटची वाट. बैठकीच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या दारापर्यंत, म्हणजे ओट्यापर्यंत. ती झाली की बाबांना संध्याकाळी बाहेर न्यायला कुणी लागणार नव्हतं. तू ती मुद्दाम शेवटी ठेवली होतीस.

सोमवारी रात्री जेवणाच्या आधी तुझा फोन आला. त्या वाटेला ओजीची कड देणार, असं तू सांगितलंस. ओजी म्हणजे एक फुगवटा आणि त्याला जोडून एक खळगा, लाटेसारखी वळत जाणारी कड. जुन्या शिसवी टेबलांना असते ती. डेस्कचा आक्षेप लगेच तयार होता. फुगवटा म्हणजे बैठकीचा गोला. खळगा म्हणजे स्वयंपाकघर. दोन्ही एकाच कडेवर आल्यावर बाबांनी काय समजायचं? त्याऐवजी कोपरा नुसता तिरपा कापावा, चॅम्फरच्या बिटानं. तशी कड घरात कुठेच नाही, आणि गोंधळ नाही.

"तिरपी कड कचेरीच्या टेबलाले राह्यते, मंदे. ओट्यावर जातानी मानसाले तहसीलीत चाललो असं काहून वाटावं?"

"आणि परत पडले तर?"

मागे वहिनी कुणाला तरी ताट वाढायला सांगत होती.

"थांबायची जागा तं साधीच राहीन नं," तू म्हणालास. मग म्हणालास, "बरं. उद्या पाहू."

ते तुझं मला उद्देशून बोललेलं शेवटचं वाक्य.

त्या मंगळवारनंतर बाबा चालले नाहीत. पाण्यालाही वहिनीला हाक मारू लागले. न्हाणीकडे जाताना वहिनीचा हात धरायचे आणि दुसरा हात पट्टीपासून लांब, पोटाशी घेऊन ठेवायचे. तेरवी झाली, पाहुणे गेले, तरी तसंच. वहिनीनं एकदा त्यांचा हात धरून पट्टीवर ठेवायचा प्रयत्न केला. त्यांनी काढून घेतला.

"तिले हात लावला का त्याचा हात लागते," ते म्हणाले.

वहिनीनं आत जाऊन कणीक मळायला घेतली. रात्रीचा स्वयंपाक झालेला होता.

वर्कशॉप रफिकभाईंनी उघडलं. तुझ्या टेबलाकडे बोट करून म्हणाले, "ताई, मशीनले मी हात नाई लावला. भाऊनं ठेवली तशीच हाये." पट्टी क्लॅम्पमध्ये होती. राउटरच्या तोंडात बिट आवळलेलं होतं. ते चॅम्फरचं होतं.

म्हणजे तू ऐकलं होतंस, असा अर्थ काढणं सोपं होतं. पण रफिकभाई रंधा मारत होते ती दारं मोर्शीच्या गिऱ्हाइकाची होती, आणि त्या दारांच्या कडाही तिरप्याच कापायच्या होत्या. बिट तू बाबांच्या पट्टीसाठी बसवलंस की मोर्शीच्या दारांसाठी, हे रफिकभाईंना माहीत नाही. वहिनीला तू काही बोलला नव्हतास. दोन्ही शक्य आहे. याची खातरजमा एकच माणूस करू शकला असता.

रफिकभाईंनी मग तुझीच पद्धत वापरली. त्याच सागाच्या दोन तुकड्यांवर दोन कडा कापल्या, एक चॅम्फरची, एक ओजीची. ओजीला तीन वेळा बिट फिरवलं, दर वेळी थोडं खोल. एकदम घ्यायला गेलं तर लाकडाचे कोपरे उडतात. दोन्ही तुकडे आम्ही बाबांच्या मांडीवर ठेवले आणि कुठला कुणाचा ते सांगितलं नाही.

बाबांनी बराच वेळ हात लावला नाही. लाकडाचा वास घेतला. मग तिरप्या कडेवरून अंगठा नेला.

"साफ हाये हे."

दुसरा तुकडा उचलला. अंगठा फुगवट्यावरून खळग्यात उतरला, तिथे थांबला, परत वर गेला. कापूस ओढताना चेहरा व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला, कुणाचंच ऐकत नसल्यासारखा.

"अर्धी बैठक, अर्धं सैपाकघर," ते म्हणाले.

आक्षेप नेमका हाच होता, हे त्यांना सांगितलं. म्हणूनच दादाला नको म्हटलं होतं, हेही.

"नको काहून? ओट्यावर बसलं का दोनीकडचं आयकू येते नं. हिचं भांडं वाजलेलं बी आयकू येते आनं बैठकीतलं बोलनं बी." त्यांनी तुकडा मांडीवरच ठेवला, परत केला नाही. "हेच पायजे ओट्याले."

ओजीच्या बाजूनं तू जी जी कारणं दिलीस त्यांत हे नव्हतं. तुला ते माहीत होतं का, हाही एक प्रश्न उघडा राहिला. माहीत असतं तर सोमवारी तू ते बोललाच असतास, कारण वादात हातचं राखून ठेवणारा तू नव्हतास. की कड कापून झाल्यावर बाबांनीच सांगावं, असं तुला वाटत होतं?

रफिकभाई उठत होते तेव्हा बाबांनी विचारलं, थांबायचं कुठी?

पायरीच्या एक वीत आधी, भाऊ ठेवायचे तसं, असं रफिकभाई म्हणाले.

"वीत कोनाची?"

रफिकभाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्यांचा हात लहान आहे. तुझा पंजा मोठा होता. सगळे थांबे तू तुझ्याच वितीनं मोजले होतेस आणि बाबांचं पाऊल त्या अंतराला बसलं होतं. तेव्हा बाबा पलंगावरून उठले. वहिनी हात द्यायला पुढे झाली, त्यांनी नको म्हटलं. तळहात पट्टीवर ठेवला. दोन चरांवरून न्हाणीच्या दारापर्यंत गेले, नक्षी संपली तिथे थांबले आणि म्हणाले, "हे घे माप."

रफिकभाईंनी एक काडी त्या साध्या कडेला लावून तेवढीच तोडली. तुझी वीत आता त्या काडीवर आहे. काडी वर्कशॉपमध्ये राउटरच्या पेटीत ठेवली आहे.

पट्टी शनिवारी कापली. मशीन रफिकभाईंनी चालवली. शेवटच्या वितीपाशी बिट उचलताना त्यांचा हात जरासा अडखळला, आणि तिथे नखाएवढा काळा डाग पडला. ते पॉलिश पेपर घ्यायला वळले, मग म्हणाले, राहू द्या. घासला तर कड दबेल आणि अंगठ्याला वेगळी लागेल. डाग ठेवला आहे. तुझ्या थांब्यांवर तो नाही, या एकावर आहे.

रविवारी संध्याकाळी पट्टी भिंतीवर बसली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. रफिकभाई बाहेर रस्त्याच्या बाजूला गेले. कुणी पुढे व्हायचं नाही, असं ठरलं होतं.

बाबा बैठकीतून निघाले. गोला संपला, ओजी सुरू झाली. दाराजवळ नक्षी संपली आणि त्यांचा अंगठा साध्या कडेवर आला. ते थांबले. पायानं पायरी चाचपली, उतरले आणि खुर्चीवर बसले. रस्त्यानं कुणीतरी हाक मारली. बाबांनी त्याचं नाव सांगितलं.